स्टिकर गिऱ्हाईकाला वाचता आला पाहिजे : सोलापूरच्या दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व दुकानदार बंधू-भगिनी आणि त्यांच्या व्यापारी संघटना

सस्नेह नमस्कार.

नवी पेठ, चाटी गल्ली, मंगळवार पेठ, अशोक चौक, जुळे सोलापूर अशा भागांतल्या दुकानांत बिलिंगचा कॉम्प्युटर, बारकोडचा प्रिंटर आणि स्कॅनर बसवून देणं हा माझा धंदा. तुमच्यापैकी अनेकांच्या काउंटरमागे बसून मी मालाची यादी भरली आहे, दिवाळीच्या गर्दीत अडलेला प्रिंटर उघडला आहे, वर्षअखेरीला स्टॉक जुळत नाही म्हणून रात्री थांबलो आहे. धंद्यात किती ओढाताण असते ते मला दिसतं. ऑनलाइनवाल्यांशी आणि मोठ्या मॉलशी टक्कर देताना मार्जिन किती उरतं, हेही बिलं बघून कळतं. तेव्हा हे पत्र बाहेरून बोट दाखवणाऱ्याचं नाही, तुमच्या धंद्यावर ज्याचं घर चालतं त्याचं आहे.

माझं म्हणणं एकच आहे. आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरला मालाबद्दल सगळं माहीत असतं. कोणाकडून घेतला, कधी घेतला, काय भावाने, कर किती, माप काय, किती नग शिल्लक. पण तो माल ज्याच्या हातात जातो त्या गिऱ्हाईकाला यातलं जवळपास काहीच कळत नाही. आपण लावतो तो स्टिकर आपल्या स्कॅनरला वाचता यावा म्हणून लावतो. तो गिऱ्हाईकाला वाचता आला पाहिजे, आणि त्यावरचा भाव आणि बिलावरचा भाव एकच असला पाहिजे. एवढं करायला नवीन मशीन लागत नाही, आहे त्याच मशीनवर होतं.

कापडाच्या दुकानातला नेहमीचा स्टिकर डोळ्यांसमोर आणा. 50 मिलिमीटर रुंद, 25 मिलिमीटर उंच. वर सगळ्यात ठळक दुकानाचं नाव. त्याखाली बारकोड. त्याखाली 'सीएचडीआर जेक्यूडी 60 बाय 90 एमआरएन'. मग किंमत. आणि कोपऱ्यात चार-पाच इंग्रजी अक्षरं. ती अक्षरं म्हणजे मालकाचा खरेदीभाव. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा, प्रत्येक अक्षराला एक अंक द्यायचा, आणि घासाघीस सुरू झाली की विकणाऱ्या पोराने त्यावरून ओळखायचं की कुठवर खाली यायचं. याला माझी हरकत नाही, ही व्यापारातली जुनी रीत आहे. पण एवढ्याशा कागदावर खरेदीभावाच्या कोडला जागा आहे, आणि 'सुती' या दोन अक्षरांना नाही! मरून रंगाची, जेकार्ड विणीची (म्हणजे विणतानाच नक्षी उतरलेली), 60 इंच बाय 90 इंचांची सुती चादर आहे हे तो स्टिकर बनवणाऱ्याला ठाऊक आहे, तरी विकत घेणाऱ्याला ते विचारावं लागतं.

विडी घरकुलाकडच्या एक मावशी एकदा काउंटरवर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. विड्या वळून बोटं राकट झालेली. त्यांनी स्टिकरवर बोट ठेवून विचारलं, "दादा, ह्येच्यावर काय लिवलंय सांगा की वो. सुती हाय का मिक्स हाय?" काउंटरवरच्या मुलाने स्टिकर उलटसुलट पाहिला, मग आतल्या माणसाला हाक मारली. आतल्याने खरेदीची नोंद उघडली. त्यात होतं. मिश्र धाग्याचा होता. मावशींनी तो खाली ठेवला आणि दुसरा घेतला. दुकानाचं काही बिघडलं नाही, विक्री झालीच. पण जी माहिती दुकानात होती ती मिळवायला तीन माणसं खोळंबली. आणि मावशी मराठी वाचू शकत होत्या, हे मला जास्त लागलं. बिलावरची 'आपले आभारी आहोत' ही ओळ त्यांनी जाता जाता मोठ्याने वाचली.

दुकानाच्या पाट्या आता मराठीत झाल्या. 2022 मध्ये राज्याने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने 2023 च्या सप्टेंबरमध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी बदलायला आपण सगळ्यांनी खर्च केला. पाटी रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी असते. जो आत येऊन पैसे मोजतो त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर मात्र मराठी अजून आलेली नाही. वैध मापनाच्या, म्हणजे वजन-मापाच्या, 2011 च्या नियमांप्रमाणे पॅकबंद मालावरची सक्तीची माहिती देवनागरी लिपीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते, पण तिच्या जोडीला आणखी कुठलीही भाषा वापरायला पूर्ण मोकळीक आहे. म्हणजे कायदा आडवा येत नाही.

आडवं येतं ते वेगळंच, आणि ते मला रोज ऐकू येतं : "आपल्या प्रिंटरवर मराठी येत नाही." यात निम्मं खरं आहे. बिलाच्या साध्या थर्मल प्रिंटरच्या पोटात अक्षरांचा जो ठरीव संच असतो, त्यात बहुतेक वेळा देवनागरी नसते. मजकूर तसाच पाठवला तर प्रश्नचिन्हं आणि चौकोन छापून येतात. पण तोच मजकूर चित्र म्हणून पाठवला की कुठलाही थर्मल प्रिंटर ठिपक्या ठिपक्यांनी ते चित्र काढून देतो. साध्या लेबल प्रिंटरमध्ये एका इंचात 203 ठिपके असतात, म्हणजे मिलिमीटरला आठ. एवढ्यात 'क्ष' आणि 'ज्ञ'सुद्धा स्वच्छ उमटतात, फक्त अक्षर फार बारीक ठेवायचं नाही. तीन मिलिमीटरपेक्षा लहान केलं तर मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. दुसरी अट म्हणजे मराठी युनिकोडमध्येच भरायची, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांत. जुन्या फॉन्टमध्ये भरलेली यादी कॉम्प्युटर बदलला की कचरा होते, आणि मग दुकानदार मराठीलाच दोष देतो.

बिल थोडं हळू छापतं, हे खरं. चित्र छापायला अक्षरांपेक्षा वेळ लागतो. ज्या दुकानात मिनिटाला दोन बिलं फाटतात तिथे हा वेळ जाणवेल. तिथे बिलावर फक्त मालाचं नाव मराठीत ठेवा, बाकी आकडे आहेत तसे राहू द्या. आकडे तसेही आंतरराष्ट्रीय रूपातच, म्हणजे 1, 2, 3 असेच लागतात.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मालाच्या नावाला दोन रकाने असतात. एक आपल्या शोधायच्या सोयीचं आखूड नाव, दुसरं छापायचं नाव. दुसरा रकाना बहुतेक दुकानांत रिकामा असतो. 58 मिलिमीटरच्या रोलवर एका ओळीत इंग्रजीची साधारण 32 अक्षरं बसतात. त्यातून नग, भाव आणि रक्कम वजा केली की नावाला उरतात पंधरा-सोळा. मग 'शेंगदाणा तेल 1 लिटर पाऊच' आणि 'शेंगदाणा तेल 1 लिटर बाटली' बिलावर अगदी सारखे दिसतात, कारण फरक सांगणारा शब्द शेवटी असतो आणि शेवटच कापला जातो. घरी गेल्यावर बिल तपासणाऱ्या बाईला आपण काय घेतलं तेच कळत नाही. नावाला वेगळी पूर्ण ओळ द्या आणि आकडे खालच्या ओळीत घ्या. कागद थोडा जास्त जाईल, पण 'मला हे दिलंच नाही' म्हणून परत येणारी माणसं कमी होतील.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तिच्याकडे येतो : एकच बारकोड आणि दोन एमआरपी.

पुष्कळ गिऱ्हाइकांना वाटतं, आणि काही दुकानदारांनाही, की बारकोडच्या रेघांत किंमत असते. नसते. कंपनीच्या पुड्यावरच्या तेरा आकड्यांत फक्त त्या मालाची ओळख असते. सुरुवातीचे 890 हे आकडे सांगतात की बनवणाऱ्याने नंबर जीएस1 इंडियाकडून, म्हणजे बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतला आहे. (890 म्हणजे माल भारतातच बनला, असं काउंटरवरून सांगितलं जातं. ते चूक आहे. नंबर इथला घेऊन माल बाहेर बनवता येतो. निदान आपण तरी असं सांगू नये.) शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून हिशेबाने काढलेला असतो, स्कॅनरने वाचताना घोटाळा झाला तर पकडता यावा म्हणून. किंमत राहते ती आपल्या कॉम्प्युटरमध्ये, आणि ती आपण भरलेली असते.

कंपनी भाव वाढवते तेव्हा बारकोड सहसा तोच राहतो. दुकानात जुन्या भावाचे पुडे असतात, नव्याचे येतात. दोन्ही एकाच फळीवर. काउंटरवर पुडा स्कॅन केला की पडद्यावर एक छोटी खिडकी उघडते : या मालाच्या दोन एमआरपी आहेत, कुठली घेऊ? 48 की 52? त्या वेळी काउंटरवरच्या मुलाने पुडा उलटून छापलेली किंमत बघायला हवी. पण मागे रांग असते. तो एंटर मारतो, आणि खिडकीत जी किंमत वर असेल ती लागते. बहुतेक दुकानांत शेवटची खरेदी वर ठेवलेली असते, म्हणजे नवी, म्हणजे जास्त. हातात 48 छापलेला पुडा आणि बिलात 52. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा वैध मापन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो आपल्या काउंटरवर कुणाच्याही मनात काही नसताना घडतो. गिऱ्हाईकाला हे कळत नाही. कळलं तर चार रुपयांसाठी कोण भांडणार म्हणून गप्प बसतं, किंवा भांडतं आणि मग आपल्याला वाटतं की गिऱ्हाईक वाईट. चार रुपये दिवसभरात किती बिलांवर जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही, पण ते ज्यांच्याकडून जातात त्यात रोजंदारीवरची माणसं असतात. ते पैसे त्यांचे आहेत.

उपाय साधा आहे. त्या खिडकीत कमी किंमत वर ठेवा, म्हणजे घाईत एंटर लागला तरी गिऱ्हाईकाचं नुकसान होणार नाही. आणि जुना माल संपेपर्यंत नवा फळीवर आणू नका. पहिली गोष्ट बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग बदलून होते. आतापर्यंत मला एकाही मालकाने ती आपणहून मागितलेली नाही. सांगितल्यावर मात्र कुणी नको म्हटलेलं नाही, त्यामुळे मला यात खोटेपणा दिसत नाही. दिसतं ते एवढंच की या बाजूने कुणी बघितलेलं नाही.

याच्याच जोडीला छापील किमतीवर चिकटवलेल्या स्टिकरचं बोलतो. एमआरपीवर स्टिकर लावून ती झाकायची किंवा खोडायची नाही, हा नियम आपल्याला तोंडपाठ आहे. किंमत कमी करायची असेल तर कमी किमतीचा स्टिकर लावता येतो, पण त्याने मूळ किंमत झाकली जाता कामा नये. तरी आपला बारकोड लावणारी मुलं स्टिकर नेमका तिथे लावतात. त्यांना वाईट करायचं नसतं. पुड्याच्या सपाट, मोकळ्या जागी स्टिकर नीट बसतो, आणि कंपनीने तारीख आणि किंमत छापायला तीच जागा ठेवलेली असते. मुलांना एकदा समोर बसवून दाखवा. ज्या पुड्यावर कंपनीचा बारकोड आहे त्यावर आपला लावण्याची तर गरजच नाही. रोलचे पैसे वाचतील.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा काय झालं ते आठवा. आपल्या गावाशी थेट संबंधाची गोष्ट. तोवर हजार रुपयांपर्यंतच्या चादरी-टॉवेलना पाच टक्के आणि त्यावर बारा टक्के होते. त्या दिवसापासून पाच टक्क्यांची मर्यादा अडीच हजारांवर गेली. सगळे कर धरून 1,500 रुपयांना विकली जाणारी चादर घ्या. बारा टक्क्यांनी त्यातला कर सुमारे 161 रुपये, मूळ भाव 1,339. पाच टक्के लावले की ती 1,406 च्या आसपास यायला हवी. कॉम्प्युटरमध्ये दर बदलायला मला एका दुकानात पाच मिनिटं लागत होती. चादरींवरचे स्टिकर बदलायला दिवस लागणार होते. म्हणून काही ठिकाणी कर बदलला, स्टिकर तसाच राहिला, आणि बिल स्टिकरच्या भावाने निघालं. कर कमी झाला, गिऱ्हाईकाचे पैसे तेवढेच. ज्यांनी रात्र जागून टॅग बदलले तेही दुकानदार मी पाहिले आहेत, त्यांचा मला अभिमान वाटतो. पुढच्या वेळी दर बदलले तर आधी स्टिकर, मग कॉम्प्युटर, असा क्रम ठेवा.

वजनाच्या मालातही हाच दोष वेगळ्या वाटेने येतो. लेबल छापणारा काटा असतो ना, डाळ-गूळ तोलून स्टिकर देणारा, त्याच्या पोटात भावांची स्वतःची यादी असते. त्याने छापलेला बारकोड 2 ने सुरू होतो, पुढे मालाचा नंबर, मग वजन किंवा रक्कम. कॉम्प्युटरमध्ये भाव बदलला आणि काट्याला पाठवायचा राहिला, तर पिशवीवर एक भाव आणि फळीवर दुसरा. सकाळी दुकान उघडलं की काट्याला यादी पाठवणं हे झाडू मारण्याइतकं नेहमीचं व्हायला हवं. आणि पिशवीचं किंवा मिठाईच्या खोक्याचं वजन वजा करायचं बटण प्रत्येक काट्यावर असतं. खोका मिठाईच्या भावाने विकला जाऊ नये. सण असो की नसो.

आता चादरीकडे.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. 1999 च्या कायद्याने मिळालेलं ते संरक्षण आहे, नुसतं कौतुकाचं प्रमाणपत्र नाही. दुसरीकडे बनलेला माल सोलापुरी म्हणून विकणं बेकायदेशीर आहे, मग तो विकणारं दुकान सोलापुरात असलं तरी. पंढरपूरला, अक्कलकोटला येणारी माणसं परतताना इथे उतरून चादर घेतात. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत शहर माणसांनी फुलतं. त्यांच्यातल्या कितीजणांना यंत्रमागावर विणलेली सुती जेकार्ड चादर आणि बाहेरून आलेली छापील पॉलिस्टर चादर यातला फरक हातात धरून कळतो? आपल्याला कळतो. नक्षी विणीत उतरलेली आहे की वरून छापलेली, हे आपण उलटी बाजू बघून सांगतो. गिऱ्हाईक दुकानाच्या पाटीवर 'सोलापुरी चादर' वाचतं आणि आत जे मिळेल ते सोलापुरी समजून घेऊन जातं.

बाहेरचा माल विकू नका असं मी म्हणत नाही. गिऱ्हाईक स्वस्त मागतं, हलकं मागतं, ते ठेवावं लागतं. पण दोन्हींवर सारखाच स्टिकर लावू नका. कॉम्प्युटरमध्ये दोन्हींची खरेदी वेगवेगळ्या पार्टीच्या नावावर आहे, माल कुठून आला ते बिलावर आहे. तेच स्टिकरवर येऊ द्या. मी असा नमुना सुचवतो : पहिल्या ओळीत 'सोलापुरी चादर, सुती, जेकार्ड'. दुसरीत माप, इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये, 60 बाय 90 म्हणजे 152 बाय 229. तिसरीत विणणाऱ्या कारखान्याचं नाव आणि 'सोलापूर'. चौथीत किंमत, सर्व करांसह. आणि जी सोलापूरची नाही तिच्यावर तिच्या गावाचं नाव. दुकानाचं नाव खाली बारीक अक्षरात आलं तरी चालेल, गिऱ्हाईक दुकानातच उभं आहे.

हा स्टिकर साध्या थर्मल कागदावर काढू नका. त्याला शाई नसते, उष्णतेने कागद काळा होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात दर्शनी काचेत टांगलेल्या चादरीवरचं लेबल आधी करडं होतं, मग वाचताच येत नाही. प्रिंटरमध्ये शाईची रिबन घालून छापलेलं टिकतं. चादर चार-पाच वर्षांनी धुऊन मऊ झाली तरी तिचं लेबल शिवणीत राहावं असं वाटत असेल तर सॅटिनच्या पट्टीवर रिबनने छापून ती शिवून घ्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले कारखानदार हे पत्र वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे की ती पट्टी तुम्हीच शिवून पाठवा. मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या कामाची ती ओळख आहे. आपल्या पद्मशाली विणकरांनी पिढ्यान् पिढ्या या चादरीचं नाव देशभर नेलं. त्यांच्या मालाला बाहेरच्या मालाइतकाच बिननावाचा स्टिकर लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

शेंगा चटणीचंही थोडं बोलतो. बचत गटांच्या बायका घरी कांडून चटणी करतात, आणि दुकानात ठेवताना पिशवीवर काहीच नसतं, किंवा नुसतं गटाचं नाव. लेबल छापून आणायला त्यांना हजारांत छापावं लागतं, ते परवडत नाही. तुमच्याकडे लेबल प्रिंटर आहे. पन्नास लेबलं छापायला तुम्हाला काही मिनिटं लागतात. नाव, निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याची तारीख, किती दिवसांत खावी, घटक, हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण, बनवणारीचा पत्ता आणि फोन, आणि अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 आकडी नंबर. शेंगदाण्याची काहींना अॅलर्जी असते, म्हणून 'शेंगदाणे आहेत' हे वेगळं लिहावं लागतं, चटणी शेंगांचीच असली तरी. हे सगळं व्यवस्थित असलं तर तीच चटणी पुण्याच्या दुकानातही उभी राहील.

बिलाबद्दल दोन-तीन गोष्टी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा. तरी नवीन बिलाचा नमुना बनवताना 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ मला हमखास टाकायला सांगतात. इथून पुढे ती ओळ मी टाकणार नाही. त्याऐवजी किती दिवसांत आणि कशा अवस्थेत बदलून मिळेल ते मराठीत लिहून देईन. एमआरपीवर वेगळा जीएसटी लावता येत नाही, कारण ती सगळे कर धरूनच असते. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही असं सॉफ्टवेअरमध्ये ठेवू नका. केंद्राच्या ग्राहक विभागाने 2023 मध्येच याबद्दल दुकानदारांना बजावलं आहे. आणि गिऱ्हाईकाकडे तोंड करून एक छोटा पडदा ठेवा, ज्यावर स्कॅन होताना नाव आणि भाव दिसतो. अनेक दुकानांत तो आहे, पण भिंतीकडे वळवलेला किंवा गल्ल्यामागे.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझं सांगणं हे, की एकेका दुकानाने मालाची मराठी नावं भरत बसण्यापेक्षा एकच यादी सगळ्यांनी मिळून करा. किराणा, कापड, भांडी, स्टेशनरी. आपल्या गावात तेलुगू आणि कन्नड घरी बोलणारी माणसं आहेत, उर्दू बोलणारी आहेत. त्यातले बहुतेकजण मराठी वाचतात, पण मालाला जे नाव बाजारात रुळलेलं आहे तेच यादीत ठेवा, पुस्तकी नाव नको. 'टॉवेल' टॉवेलच राहू द्या. यादी एकदा झाली की ती प्रत्येक दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये भरायला एक दुपार पुरते. जगभर 2027 च्या अखेरीपर्यंत काउंटरवर क्यूआरसारखे चौकोनी कोड वाचायची तयारी चालली आहे, त्यात मालाच्या ओळखीबरोबर बॅच आणि मुदतीची तारीखही मावते. त्यासाठी आपल्याला नुसत्या रेघा वाचणारे स्कॅनर बदलावेच लागतील. यादी तोवर तयार असली तर दोन्ही कामं एका खर्चात होतील.

यंदाच्या गड्ड्याआधी, डिसेंबरमध्ये, चादरीच्या दुकानांपासून सुरुवात करावी अशी माझी सूचना आहे. वर दिलेला चार ओळींचा नमुना मी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बसवून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. रोल आणि रिबन तुमची. संघटनेच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास मिळाला तर प्रिंटर घेऊन येतो, तिथेच छापून दाखवतो.

आपला,
दुकानांत बिलिंग मशीन बसवणारा एक सोलापूरकर